नवा कारभारी

दिवाळीच्या तोंडावर मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. एक फराळाच्या सामानाची आणि दुसरी भंगारवाल्याच्या स्वाधीन करावयाच्या वस्तूंची. पहिल्या यादीवर मतभेद नसतात. चकलीच्या भाजणीचे प्रमाण हा काही वादाचा विषय नव्हे. तो अधिकाराचा विषय आहे आणि तो अधिकार कोणाकडे आहे हे घरातल्या सर्वांना पुरते ठाऊक असते. दुसऱ्या यादीवर मात्र दरवर्षी खडाजंगी होते. हँडल तुटलेली इस्त्री, एकाच कानात वाजणारा हेडफोन, आणि 'कधीतरी दुरुस्त करू' म्हणून पाच वर्षे माळ्यावर विसावलेला मिक्सर, यांच्या बाजूने आणि विरुद्ध भाषणे होतात. अलीकडे या यादीत एक नवा आरोपी दाखल होऊ लागला आहे. तो म्हणजे घरातला जुना लॅपटॉप.

याला एक कारण घडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधार थांबविला. ज्या लॅपटॉपांना नवी 'विंडोज ११' चढत नव्हती त्यांचे काय करावयाचे, असा प्रश्न अनेक घरांना पडला. मग कोणाचा तरी भाचा, पुतण्या किंवा शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला आणि त्याने त्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. उबुंटू म्हणा, मिंट म्हणा, फेडोरा म्हणा. दैवत एकच, देवळे निराळी. यंत्र पुन्हा तरतरीत झाले. आजोबा पेन्शनचे कागद पाहू लागले, नात अभ्यासाचे व्हिडिओ पाहू लागली, आणि भाच्याला दोन वेळा जेवायला बोलावण्यात आले.

पुढे एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात 'अपडेट उपलब्ध आहे' अशी नम्र सूचना आली. कोणीतरी होकाराचे बटण दाबले, यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झाले, आणि पाहतो तो काय, लॅपटॉप मुका झालेला! किंवा वायफाय नाहीसे झालेले. किंवा पडद्याचा उजेड कमीजास्त होईनासा झालेला. भाचा तोपर्यंत नोकरीसाठी परगावी गेलेला असतो. मग यंत्र दुकानात जाते. तिथला माणूस ते उघडतो, मिटतो, क्षणभर गंभीर होतो आणि एकच शब्द उच्चारतो, "मदरबोर्ड."

या शब्दाची मध्यमवर्गावर विलक्षण जरब आहे. डॉक्टरांनी 'ऑपरेशन' म्हणावे आणि वकिलांनी 'अपील' म्हणावे, त्याच जातीचा हा शब्द. तो ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. आजच्या लेखात तो पुढचा प्रश्न कोणता, तेवढे सांगावयाचे आहे. प्रश्न असा: यंत्र बिघडले आहे, की यंत्राचा कारभारी बदलला आहे?

या कारभाऱ्याचे नाव कर्नल. ऐकताना लष्करातला हुद्दा वाटतो. पण इंग्रजीत या दोन शब्दांचा उच्चार तेवढा सारखा, घराणी वेगळी. हा कर्नल म्हणजे बदाम फोडल्यावर आत निघतो तो मगज. पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, चित्रे, अक्षरे हे सारे कवच. मगज आत बसून काम करतो आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही. जुन्या वाड्यांतून कारभारी असत, तसाच हा प्रकार आहे. धनी 'दिवे लावा' एवढेच म्हणत. तेल कोठे आहे, वाती कोणी वळल्या, दिवाबत्तीचा गडी आज आला आहे की नाही, हे कारभारी पाही. आपण गाणे लावतो तेव्हा गाणे वाजविणारा प्रोग्रॅम स्पीकरला हात लावीत नाही. तो कर्नलला सांगतो आणि कर्नल ध्वनीच्या चिपला सांगतो. मात्र प्रत्येक चिपची भाषा निराळी, म्हणून प्रत्येकीसाठी कर्नलच्या पदरी एकेक दुभाषी असतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

लिनक्सचा हा कर्नल १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. मार्च १९९४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली तेव्हा त्यात सुमारे पावणेदोन लाख ओळी होत्या. आज त्या तीन कोटींहून अधिक आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओळी या दुभाषांच्याच आहेत. जगातल्या हजारो प्रकारच्या चिपांशी बोलावयाचे म्हणजे एवढा लवाजमा हवाच. दर नऊदहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते आणि तेवढ्या अवधीत दहा हजारांहून अधिक बदल तीत होतात. वाड्यात दर दोन महिन्यांनी नवा कारभारी यावा आणि त्याने वह्या नव्याने मांडाव्यात, तशातलाच हा मामला. आश्चर्य असलेच तर ते अधूनमधून काही बिघडते याचे नाही. बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही, याचे आहे!

आता नवा कारभारी आला की जुने गडी का अडतात, ते पाहू.

पहिले कारण म्हणजे बाहेरून आणलेला दुभाषी. पुष्कळसे ड्रायव्हर कर्नलच्या घरातच वाढलेले असतात. कर्नलमध्ये बदल करणाऱ्याने त्या बदलाला अनुरूप असे या घरच्या मंडळींचे वागणेही दुरुस्त करून द्यावे, असा तिथला रिवाज आहे. पण काही वायफाय चिपांचे आणि काही ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर कंपन्या बाहेर ठेवतात. कर्नलच्या घरातल्या अंतर्गत चालीरीती कायम राहतील, अशी हमी कर्नलवाले देत नाहीत. तसे त्यांनी लेखी सांगून ठेवले आहे. त्यामुळे हा पाहुणा दुभाषी प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो. तो आपोआप घडविण्याची सोय आहे, तिला डीकेएमएस म्हणतात. पण तिला नव्या कर्नलचे 'हेडर' म्हणून जे मोजमापांचे कागद असतात ते हाताशी लागतात. ते नसले की शिंपी आहे, कापड आहे आणि माप नाही, अशी गत होते. शिवाय यंत्रात 'सिक्युअर बूट' ही पहाऱ्याची व्यवस्था चालू असेल, तर नव्याने घडविलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही लागते. सही नसेल तर पहारेकरी त्याला दारातूनच परत पाठवितो आणि ही गोष्ट तो मालकाच्या कानावर घालीलच असे नाही.

दुसरे कारण फर्मवेअर. वायफायची चिप स्वतः एक लहानसा संगणकच असते. यंत्र सुरू होताना तिच्या कानात तिचा मंत्र सांगावा लागतो. तो मंत्र एका फायलीत असतो आणि ती फाईल कर्नलसोबत न येता निराळ्या गाठोड्यातून येते. नवा ड्रायव्हर नवा मंत्र मागतो, गाठोडे जुनेच असते, आणि चिप मौन धरते.

तिसरे कारण अधिक मानवी आहे. लॅपटॉप बनविणारे कारखाने यंत्रात एक जाबता लिहून ठेवतात. झोपवावे कसे, उजेड वाढवावा कसा, पंखा केव्हा फिरवावा. हा जाबता बहुधा विंडोजवर तपासलेला असतो आणि त्यात चुका असतात. कर्नल अनुभवाने त्या चुका सांभाळून घेतो. कोणी जाणत्याने ही सांभाळासांभाळ नीटनेटकी करावयास घेतली, की ज्या यंत्राची चूक आजवर योगायोगाने झाकली जात होती ते उघडे पडते. हान्स दे खुदे यांनी पडद्याच्या उजेडाच्या बाबतीत असे मोठे काम केले. ते डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या मालिकेत उतरले. एका दिव्यावर तीन माणसे हक्क सांगत होती, ती एकच करणे आवश्यकच होते; पण काही जुन्या लॅपटॉपांवर नेमका कामाचा माणूस बाजूला झाला आणि उजेडाची पट्टी नुसतीच हलू लागली.

चौथे कारण सरळ आहे. कर्नल लिहिणारी माणसे आहेत आणि माणसे चुकतात.

कारण कोणतेही असो, निदानाची पहिली पायरी एकच आणि ती फुकट आहे. जुन्या कारभाऱ्याला पुन्हा गादीवर बसवून पाहावयाचे. नवा कर्नल आला म्हणजे जुना लगेच घालवून दिला जात नाही. उबुंटू आणि मिंट निदान एक आधीचा कर्नल जवळ ठेवतात. फेडोरा एकूण तीन ठेवते. यंत्र सुरू होताना एस्केपचे बटण थोपटावे, किंवा फार जुन्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावे, म्हणजे एक यादी पडद्यावर येते. तीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ असते. तिच्या पोटात शिरले की कर्नल आकड्यांसह ओळीने उभे दिसतात. वरचा नवा, खालचा जुना. खालचा निवडावा आणि यंत्र चालू करावे.

जुन्या कर्नलवर आवाज परत आला, वायफाय दिसू लागले, तर चिप शाबूत आहे. मदरबोर्डही शाबूत आहे. पाकीट खिशात ठेवावे. उलट जुन्या कर्नलवरही तेच दुखणे असेल, तर पेनड्राइव्हवरून दुसरे एखादे लिनक्स तात्पुरते चालवून पाहावे. तिथेही तोच प्रकार दिसला, तर दुकानदाराचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मानावी. इतकी साधी ही कसोटी आहे. दुखणे शरीराचे की मनाचे, हे औषधाआधी ठरवावे लागते.

या कसोटीच्या आधी एक घरगुती उपाय करून घ्यावा. यंत्र 'रीस्टार्ट' न करता पूर्ण बंद करावे, विजेची तार काढावी, आणि काही वेळाने पुन्हा चालू करावे. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स सुखाने नांदत असतील, तर विंडोज आपल्या 'फास्ट स्टार्टअप' या सवयीपायी बंद होताना खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि वायफायची चिप अर्धवट झोपेत सोडून देते. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. वायफायसाठी कळफलकावर निराळे बटण असेल तर तेही पाहावे. झाडलोटीच्या दिवसांत त्यावरून फडके फिरलेले असते!

परिचयातल्या एका विद्यार्थिनीची हकीकत या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. मुलगी एम.ए.ला होती. वडील एका छापखान्यात कामाला. लॅपटॉप मावसभावाकडून आलेला, सात वर्षांचा. प्रबंध सादर करावयास नऊ दिवस उरले असताना अपडेटनंतर वायफाय नाहीसे झाले. प्रबंधाची टिपणे यंत्रात, ग्रंथालयातले जुने अंक इंटरनेटवर, आणि मध्ये हा खंदक. दुकानात तिला मदरबोर्ड बदलण्याचे साडेनऊ हजार सांगण्यात आले. "सर, वडील म्हणतात कर्ज काढू, पण यंत्राची किंमत तरी तेवढी असेल का?" असे तिने विचारले, तेव्हा तिचा आवाज प्रबंधाबद्दल बोलतानाच्या आवाजाहून वेगळा होता.

जुना कर्नल निवडला. दोन मिनिटांत वायफाय हजर. प्रबंध त्या दिवसापुरता सुटला. मग सावकाशीने कारण शोधले. तिच्या यंत्रातला वायफायचा ड्रायव्हर बाहेरून आणलेल्यांपैकी होता आणि नव्या कर्नलचे हेडर बसलेले नव्हते. मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, हेडर उतरविले, ड्रायव्हर पुन्हा घडवून घेतला. सारा खर्च दहा मिनिटे आणि थोडासा डेटा. साडेनऊ हजार रुपये हे काही घरांत महिन्याचे घरभाडे असते. एका मेनूतली एक ओळ कोणी दाखविली नाही म्हणून ते गेले असते.

दुकानदार लबाडच होता असे मला म्हणावयाचे नाही. त्याने रोज शंभर यंत्रे विंडोजची पाहावयाची. लिनक्सचे यंत्र समोर आले की त्याला परक्या मुलखातला रोगी आल्यासारखे होते. न समजणाऱ्या दुखण्याला मोठे नाव देण्याची पद्धत सर्वच व्यवसायांत आहे. आम्हा मराठीच्या प्राध्यापकांतही न कळलेल्या कवितेला 'दुर्बोध' म्हणण्याची पद्धत आहेच की.

जुन्या कर्नलवर सारे ठीक आहे एवढे ठरले, की पुढचे उपाय अवयवपरत्वे करावयाचे.

वायफाय गेले असेल तर कर्नलची रोजनिशी वाचावी. कर्नल जागा झाल्यापासूनची प्रत्येक गोष्ट तो नोंदवून ठेवतो. 'डीमेसेज' या आज्ञेने ती वाचता येते. अमुक फर्मवेअर सापडले नाही, अशी तक्रार तीत स्पष्ट लिहिलेली आढळते. मग फर्मवेअरचे गाठोडे अद्ययावत करणे एवढेच काम उरते.

आवाज गेला असेल तर ध्वनीच्या पानावर 'डमी आउटपुट' असे शब्द दिसतात. कर्नलला ध्वनीची चिप सापडली नाही, म्हणून ध्वनीची व्यवस्था पाहणाऱ्या प्रोग्रॅमने सभ्यपणे एक खोटा स्पीकर पुढे केला, असा त्याचा अर्थ. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत ध्वनीसाठीही निराळे फर्मवेअर लागते. तेथेही बहुधा तोच उपाय चालतो.

उजेडाची पट्टी निरुपयोगी झाली असेल, तर कर्नलला सुरुवातीलाच एक चिठ्ठी देता येते. तीन हक्कदारांपैकी कोणाचे ऐकावयाचे ते तीत सांगावयाचे. चिठ्ठी देण्याची जागा त्या सुरुवातीच्या मेनूतच आहे. एकदा तात्पुरती देऊन पाहावी, गुण आला तर कायमची करावी.

राहता राहिली झोप. लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपला, असे आपण समजतो. पण झोपेचे दोन प्रकार आहेत. जुनी गाढ झोप, जीत स्मृती तेवढी जागी राहते, आणि नवी सावध झोप, जीत यंत्र एक डोळा उघडा ठेवून पडून असते. अनेक नव्या लॅपटॉपांतून कारखानदारांनी गाढ झोप काढूनच टाकली आहे. ज्यांत दोन्ही आहेत त्यांत नव्या कर्नलने निवड बदलली, की झाकण मिटलेले यंत्र पिशवीत तापत राहते आणि सकाळी बॅटरी रिकामी सापडते. पुन्हा एक चिठ्ठी, आणि गाढ झोप परत. माणसांच्या बाबतीत असा उपाय निघता तर किती बरे झाले असते!

येथवर वाचून कोणाला वाटेल की कर्नल यंत्राला कधीच इजा करीत नाही. तसे मात्र नाही. क्वचित, फार क्वचित, कारभारी वाड्याच्या भिंतीला भोक पाडतो.

२००८ साली २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असताना इंटेलच्या एका जातीच्या नेटवर्क चिपांची कायमस्वरूपी स्मृतीच पुसली जाऊ लागली. संशय साहजिकच त्या चिपच्या ड्रायव्हरवर गेला. तो निर्दोष होता. कर्नलमध्ये काय काय घडते याचा माग काढण्यासाठी जी नवी यंत्रणा बसविली होती, तिने एक जुना पत्ता लिहून ठेवला होता. त्या पत्त्यावरचे बिऱ्हाड केव्हाच हलले आणि तिथे त्या चिपची स्मृती राहावयास आली. मागकऱ्याने जुन्याच पत्त्यावर मजकूर टाकला. चोराचा माग काढणाराच घरफोडी करून गेला! अखेर ती यंत्रणा तूर्त बंद ठेवून प्रश्न मिटविण्यात आला.

डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ची उतरवून घ्यावयाची प्रत संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली. एका ड्रायव्हरमुळे लेनोवो आणि आणखी काही कंपन्यांच्या लॅपटॉपांचा बायोस, म्हणजे यंत्राचा जन्मजात जाबता, कुलूपबंद होत होता. तो ड्रायव्हर वगळून जानेवारी २०१८ मध्ये नवी प्रत देण्यात आली.

२०२२ चे प्रकरण तर लॅपटॉपवाल्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ५.१९.१२ हा कर्नल निघाला. तो बसविताच काही इंटेल लॅपटॉपांचे पडदे पांढरे लखलखू लागले. पडद्याला वीज देण्याचा एक क्रम असतो. आधी वीज, मग चित्राचा संकेत, मग मागचा उजेड, आणि प्रत्येक पायरीमध्ये काही ठरावीक क्षणांची विश्रांती. नव्या मालिकेसाठी लिहिलेले काही बदल या जुन्या मालिकेत आणले गेले होते आणि त्यापायी हे विश्रांतीचे हिशेब चुकले. इंटेलमधले अभियंते व्हिले सिर्याला यांनी नोंदी पाहिल्या आणि सांगितले की याने पडद्याला इजा पोहोचू शकते, हा कर्नल वापरू नका. ४ ऑक्टोबरला, म्हणजे आठवड्याच्या आत, ते बदल काढून टाकलेला ५.१९.१३ बाहेर आला.

तेव्हा नियम असा: पडदा लखलखू लागला, जळका वास आला, यंत्र भलतेच तापले, तर उपाय शोधीत बसू नये, यंत्र ताबडतोब बंद करावे आणि पुन्हा सुरू करताना जुना कर्नल निवडावा. बाकी दुखण्यांना धीर चालतो.

हे दोषी बदल सापडतात कसे, हीसुद्धा एक मौज आहे. जुना कर्नल चांगला आणि नवा वाईट, एवढेच माहीत असते. मध्ये चौदापंधरा हजार बदल. गवताच्या गंजीत सुई शोधण्यातलाच हा प्रकार, असे प्रथमदर्शनी वाटते. पण आपण शब्दकोशात शब्द शोधतो तो काही पहिल्या पानापासून नव्हे. मध्यावर उघडतो, शब्द अलीकडे की पलीकडे ते पाहतो, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढतो. कर्नलचेही तसेच. बरोबर मधला बदल घेऊन कर्नल बनवावयाचा, चालवून पाहावयाचा, चांगला की वाईट ते सांगावयाचे. सोळा हजार बदल असले तरी चौदा खेपांत नेमका एक बदल हाती लागतो. टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या गिट या साधनात ही सोय आहे. काम वेळखाऊ आहे; पण त्याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. ज्याच्याकडे तो विशिष्ट लॅपटॉप आहे त्यालाच ते करता येते. कर्नल लिहिणारा जगाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि आपले यंत्र त्याने कधी पाहिलेलेही नसते.

येथे तक्रारीचे महत्त्व येते. या मंडळींचा एक कडक नियम आहे. काल चालणारे काम नव्या कर्नलने आज बंद पडले, तर दोष कर्नलचा. वापरणाऱ्याला शहाणपण शिकवावयाचे नाही. टोरवाल्ड्स यांनी हा नियम अनेकदा, आणि काही वेळा फार तिखट शब्दांत, आपल्या सहकाऱ्यांना ऐकविला आहे. अशा पीछेहाटींची नोंद ठेवून पाठपुरावा करण्याचे काम जर्मनीतले थॉर्स्टेन लेमहुइस यांनी अंगावर घेतले. पण नियम कितीही उदार असला तरी जी तक्रार पोहोचलीच नाही तिला न्याय कोण देणार? आणि 'लॅपटॉप चालत नाही, काहीतरी करा' ही तक्रार नव्हे, तो उद्गार आहे. यंत्राचे नाव आणि नमुना. कोणत्या कर्नलवर चालत होते. कोणत्यावर बंद पडले. नेमके काय होते. आणि रोजनिशीतल्या संबंधित ओळी. एवढ्या पाच गोष्टी सरळ वाक्यांत लिहिल्या की उत्तम तक्रार झाली. कर्नलचा आकडा कळण्यासाठी 'यूनेम', मग एक जागा मोकळी, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून 'आर' एवढी अक्षरे रोमन लिपीत टंकावी लागतात. शाळेत आपण अर्जलेखन शिकलो ते नुसते रजेसाठी नव्हे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात हवी कशाला? जुन्या कर्नलवर ठीक चालते ना, मग अपडेट करूच नये! हा सल्ला गोड आहे आणि घातक आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.८ पासूनच्या कर्नलांत एक भगदाड होते. यंत्रावरचा कोणीही सामान्य वापरकर्ता, नुसत्या वाचण्यासाठी असलेल्या फायलींत फेरफार करून साऱ्या यंत्राचा ताबा मिळवू शकत असे. जर्मन प्रोग्रॅमर माक्स केलरमान यांनी ते शोधले आणि मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' या नावाने उघड केले. शोध सुरू झाला तो नोंदींच्या फायली अधूनमधून बिघडतात, या एका ग्राहकाच्या साध्या तक्रारीवरून. भगदाड बुजविणारे कर्नल निघाले. ज्यांनी अपडेटची धास्ती घेतली होती त्यांचे दार मात्र उघडेच राहिले.

म्हणून मधला मार्ग बरा. अपडेट करावे, पण परीक्षेच्या, मुलाखतीच्या, प्रबंधाच्या किंवा आयकर विवरणाच्या आदल्या रात्री करू नये. आधी कामाच्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. अपडेटनंतर पाच मिनिटे हजेरी घ्यावी: आवाज, वायफाय, कॅमेरा, उजेड, झोप. आणि सर्वांत महत्त्वाचे, जागा वाचविण्याच्या भरात जुना कर्नल पुसून टाकू नये. जुन्या यंत्रासाठी तर दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या मालिका असतात. नवलाई कमी, पण दुरुस्त्या नियमित. मिंटमध्ये अपडेटच्या खिडकीतूनच कर्नलांची यादी उघडते आणि कोणता ठेवावा, कोणता काढावा हे ठरविता येते.

पेशवाईतल्या असोत की सोसायटीतल्या, कारभाऱ्यांच्या बाबतीत शहाणी घरे एक पथ्य पाळीत आली आहेत. नव्याला किल्ल्या द्यावयाच्या, पण वाड्यातले सारे गडी त्याच्या हाकेला ओ देईपर्यंत जुन्याला ओसरीवर बसू द्यावयाचे. त्याचा खर्च तो काय? संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर काहीशे मेगाबाइट. एवढ्या जागेत कोणाचे साडेनऊ हजार वाचतात, कोणाचा प्रबंध वाचतो, आणि एक धडधाकट यंत्र भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्यावाचून वाचते. तेव्हा या दिवाळीत मोडीच्या यादीत लॅपटॉपचे नाव आले असेल, तर सही करण्यापूर्वी त्या यंत्राला त्याच्या जुन्या कारभाऱ्याच्या हाताखाली एकदा उभे करून पाहा. साक्षीदाराला न बोलावता आरोपीला शिक्षा देणे, हे सणासुदीच्या दिवसांत बरे नव्हे.